वन्समोअरचे ऋण

पुणेकराला दोन गोष्टींचा अभिमान असतो. आपण काय काय ऐकले आहे याचा एक, आणि समोरच्याने काय काय ऐकलेले नाही याचा दुसरा. या दुसऱ्या अभिमानाचे शहरातले सर्वांत मोठे भांडवल म्हणजे कै. बालगंधर्व. "म्हणजे? तुम्ही नारायणराव ऐकलेच नाहीत?" असे विचारून समोरच्याला गारद करणारा एकतरी म्हातारा माझ्या लहानपणी दर वाड्यात असे. आता वाडेही गेले आणि ते म्हातारेही गेले. नारायणरावांचे निधन १५ जुलै १९६७ रोजी झाले; त्यांना रंगभूमीवर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आज शोधूनच काढावा लागेल. त्यामुळे त्यांच्या गाण्यावर बोलणे फार सोपे झाले आहे. खोडून काढायला कोणी उरलेले नाही.

मला मात्र आज त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या रसिकांविषयी लिहावयाचे आहे; आणि त्यातही, बहर ओसरल्यावर जे येत राहिले त्यांच्याविषयी. फळांनी लगडलेल्या झाडाखाली कोणीही उभे राहते. फळ सरल्यावर, फांद्या वठू लागल्यावरही ज्यांची पावले तिकडे वळतात, ती मंडळी काय न्यायला येतात? आमच्या समीक्षकांनी नाटकांची चिकित्सा केली, पदांची केली, नटांच्या खर्चवेचाचीदेखील केली. या मंडळींची मात्र कोणी केली नाही. कोणी त्यांना 'खरे रसिक' म्हणून हार घातले, कोणी 'अंधभक्त' म्हणून हसण्यावारी नेले. दोन्हींत श्रम कमी आहेत.

हा विषय डोक्यात यायला निमित्त झाले ते अगदीच निराळे. माझा एक जुना विद्यार्थी आता हिंजवडीला नोकरी करतो. तो २०२५ च्या मे महिन्यात मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'गन्स एन् रोझेस' नावाच्या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम ऐकून आला आणि नंतर एकदा मला भेटायला आला. दिवाळी अंक घरात आजीही वाचते आणि नातही, म्हणून आजींसाठी दोन शब्द सांगतो. रॉक म्हणजे गिटार, ड्रम आणि कंठ यांनी एकत्र केलेले एक प्रचंड वादळ असते. ही मंडळी १९८५ साली लॉस एंजेलिसला एकत्र आली, १९८७ च्या पहिल्याच तबकडीने जगभर गाजली, आणि पुढच्या दशकात आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखीच फुटली. नाव एकाकडे राहिले, बाकीचे पांगले. स्लॅश म्हणून ओळखला जाणारा त्यांचा गिटारवादक १९९६ ला बाहेर पडला. २०१२ च्या डिसेंबरात हा बँड भारतात येऊन गेला तेव्हा तो बरोबर नव्हता. २०१६ साली मनोमीलन झाले, आणि २०२५ ला मुंबईला आला तो जमलेला संच. गायक ॲक्सल रोझ तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता.

"सर, वरच्या पट्टीतल्या जागा आता त्याच्याने होत नाहीत," विद्यार्थी सांगत होता. "पण ती जागा आली की आम्हीच सगळे ओरडून म्हणत होतो. त्यामुळे त्याने म्हटले की नाही, ते कळलेच नाही."

"मग पैसे मोजून तू ऐकायला कुणाला गेला होतास?" मी मास्तरी प्रश्न टाकला.

तो जरा थांबला. म्हणाला, "आमच्या बाबांच्या कपाटात त्यांची कॅसेट होती. ती ऐकतच मी मोठा झालो. ती कॅसेट समोर उभी होती, सर."

हे उत्तर मला चांगले वाटले. परीक्षेत असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण समीक्षा म्हणून पाहिले तर ते अर्धेच आहे. कॅसेट समोर उभी होती, हे खरे. पण त्या कॅसेटच्या जागी एक त्रेसष्ट वर्षांचा माणूसही उभा होता. त्याचे काय?

हाच खटला आमच्या घरात कित्येक वर्षे चालू होता. आजोबांनी मिसरूड फुटण्याच्या वयात गंधर्व कंपनीचे 'स्वयंवर' पाहिलेले. रुक्मिणी पाहिल्यावर आपल्याला तीन दिवस जेवण गोड लागले नाही, असे ते सांगत. पुढे पन्नाशीच्या दशकात नारायणरावांचे गाणे पुण्यात असले की आजी निघावयाची आणि आजोबा जागचे हलावयाचे नाहीत. "मी रुक्मिणी पाहिली आहे. तो ठेवा मला मोडायचा नाही," एवढेच त्यांचे म्हणणे. त्यावर आजीचे उत्तर ठरलेले असे, "तुम्ही पाहायलाच गेला होतात. मी ऐकायला जाते. आणि डोळे मिटायला काय पैसे पडतात?"

माझी विद्या मॅट्रिकपुरती आणि संगीताचे शास्त्र मला येत नाही. परंतु या दोन वाक्यांत बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यावरची सगळी टीका येऊन जाते असे मला वाटते. पाहणाऱ्यांचा एक पक्ष आणि ऐकणाऱ्यांचा एक. आणि या दोन पक्षांची नारायणरावांच्या ऐन भरात फारकत झालेलीच नव्हती, हीच तर त्यांची जादू होती.

थोडे मागे जाऊन पाहू. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळींत शकुंतला म्हणून उभे राहिले. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी होऊन रंगभूमीवर आले. १९१३ ला गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग १९१६ चे 'स्वयंवर', भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी सजलेले. मग 'एकच प्याला'तली सिंधू. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर झालेला 'संयुक्त मानापमान' तर आपल्याकडे पुराणकथेसारखाच सांगितला जातो. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष, म्हणजे ज्यांना एरवी संस्थानिकांच्या दरबारात ऐकावयाचे, ते इथे आठ आण्याच्या पिटातल्या माणसालाही ऐकायला मिळत. शालू खरे, अत्तर खरे. नारायणराव पदर कसा घेतात, अंबाड्यावर वेणी कशी माळतात, हे पाहून पुण्यामुंबईच्या सुना तसाच पदर घेऊ लागल्या. रूप, वस्त्र, अभिनय, शब्द आणि सूर यांतले एक वेगळे काढून दाखवा म्हटले तर कुणालाही दाखवता आले नसते.

पण ही पाचही माणसाबरोबर सारखी म्हातारी होत नाहीत. रूप आधी जाते. त्यातही पुरुषाने घेतलेले स्त्रीचे रूप लवकर जाते. जबड्याचे हाड, मनगट आणि मान यांना चाळिशीनंतर कोणताही रंग झाकू शकत नाही. शब्दांचा लगाव मात्र राहतो, कधीकधी अधिक मुरतो. आवाज या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. नारायणरावांच्या बाबतीत हे अंतर फार मोठे पडले. साठीच्या घरात आल्यावरही ते सिंधू आणि रुक्मिणी करीत होते, तेव्हा शरीर केव्हाच उतरणीला लागले होते, आणि गाण्यातली फेक, लयीशी चाललेला तो लाडिक लपंडाव मात्र जागच्या जागी होता. पाहणारे डोळे झाकून घरी बसले आणि ऐकणारे डोळे झाकून समोर बसले, ते यामुळे.

आता कोणी विचारील की, मग त्यांनी स्त्रीभूमिका सोडून का दिल्या नाहीत? सोडून पाहिल्या होत्या! हा भाग चाहत्यांच्या वतीने सांगणारे लोक नेहमी घाईने उरकतात, म्हणून मी जरा थांबून सांगतो. तिसाव्या दशकाच्या मध्याला बोलपटापुढे नाटक कंपन्या एकामागून एक बसत होत्या. कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या 'प्रभात'ने नारायणरावांना बोलावले, आणि १९३५ च्या 'धर्मात्मा'त शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथ केले. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते, सरकारी सेन्सॉरने ते बदलायला लावले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला इथे महत्त्वाची आहे ती दुसरी गोष्ट. सत्तेचाळीस वर्षांचा एक कलावंत आपले सर्व आयुष्य ज्या पदरावर उभे होते तो पदर खाली ठेवून, दाढीमिशा लावून, वयाला शोभेल अशा भूमिकेत लोकांपुढे आला. लोकांनी त्याला काय दिले? आदर दिला. प्रेम दिले नाही. त्यांना त्यांची भामिनी हवी होती. दोनच वर्षांनी, १९३७ साली, नारायणराव बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीवेषात दिसले. आणि या खेपेला समोर पिटातला लांबचा प्रेक्षक नव्हता, कॅमेरा होता. कॅमेऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. ते चित्र पडले.

रसिकांच्या प्रेमातली ही हिंसा आहे. शब्द कठोर आहे, पण दुसरा सापडत नाही. माझा विद्यार्थी सांगतो की अशा जुन्या बँडने नवे गाणे सुरू केले की हजारो लोक पाणी प्यायला जातात, आणि जुन्याचा पहिला सूर लागला की धावत परत येतात. गंधर्वांच्या प्रयोगात हेच 'वन्समोअर' नावाने होत असे. एकेका पदाला इतके वन्समोअर, की नाटक रात्री सुरू होऊन पहाटेला टेकावे. आपण त्याला दाद म्हणतो. पण पहिला वन्समोअर ही दाद असली तरी चौथा ही वसुली असते. तू आम्हाला एकदा जे दिलेस तेच पुन्हा दे, वेगळे नको. आणि उद्याही तेच दे, तुझे वय आम्हाला ठाऊक नाही! ज्या माणसाने मुलीच्या मृत्यूच्या दिवशीही रसिकांना रिकाम्या हाताने परत पाठविले नाही, तो ही वसुली नाकारणार कशी?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खराही आहे. नारायणराव म्हातारपणी गात राहिले ते प्रेमापोटी नव्हे, पैशापोटी. १९२१ च्या सुमाराला कंपनीवर लाखांच्या घरातले कर्ज होते, 'द्रौपदी'सारख्या नाटकावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला होता, आणि चाहत्यांनी निधी जमवून देऊ केला तरी त्यांनी तो घेतला नाही, गाऊनच फेडीन म्हणाले, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढेही व्यवहार कधी जमलाच नाही. तेव्हा उत्तरायुष्यातले प्रयोग ही निव्वळ पोटाची सोय होती, तिला कलेची चर्चा कशाला जोडता? मला हे पटत नाही. पोटासाठी गायलेले गाणे खोटे असते हा एक पुणेरी गैरसमज आहे. गंधर्व कंपनीचे सर्वोत्तम गाणेही तिकीट लावूनच झाले होते. उलट या कर्जाच्या गोष्टीत मला एक विलक्षण उलटापालट दिसते. नारायणराव जन्मभर समजत राहिले की आपण या मायबाप रसिकांचे देणेकरी आहोत. आणि रसिकही तेच समजत राहिले. खातेवही कोणी उघडून पाहिली नाही. नाहीतर शिल्लक कुणाकडे निघते ते दिसले असते.

आता गोहरबाईंविषयी. मला ठाऊक आहे की कित्येक जुन्या घरांत हे नाव अजूनही सणासुदीला काढीत नाहीत. परंतु या विषयावर लिहून त्यांना वगळणे म्हणजे हिशेबातली मुख्य रक्कम गाळण्यासारखे आहे.

गोहर कर्नाटकी ही विजापूरकडची गायिका, सिनेमात गाजलेल्या अमीरबाईंची बहीण. नारायणरावांच्या तबकड्या ऐकून ऐकून तिने तो ढंग आपल्या गळ्यात असा काही मुरवला होता की ऐकणाऱ्याने चकित व्हावे. १९३७-३८ च्या सुमाराला ती कंपनीत आली, स्त्रीभूमिका करू लागली, आणि पुढे नारायणरावांच्या आयुष्यातही आली. त्यांचे पाय निकामी झाले तेव्हा त्यांना सांभाळणारी, बैठकीत त्यांच्या मागे बसून सूर धरणारी तीच. १९६४ साली ती त्यांच्या आधी गेली. त्याच वर्षी सरकारने नारायणरावांना पद्मभूषण दिले.

चाहत्यांनी गोहरबाईंना कधी क्षमा केली नाही. कोणी धर्म काढला, कोणी पैसा काढला, कोणी कुटुंबाची दैना काढली. त्यांतल्या घरगुती गोष्टींचा निवाडा करणारा मी कोण? पण एक गोष्ट समीक्षकाच्या नात्याने सांगता येते. बालगंधर्वांच्या सर्व भक्तांत सर्वांत मोठी भक्त कोण असेल तर तीच होती. इतरांनी तबकडी ऐकून डोळे पुसले. तिने तबकडी ऐकून गळा तयार केला. इतर जण गाडी पकडून गावोगाव प्रयोगाला गेले. ती घरच सोडून आली. चाहता जे जे स्वप्नात करतो, ते ते तिने जागेपणी केले. आणि मला वाटते, तिच्यावरच्या रागाचे एक मूळ इथे आहे. भक्ताला देव रागावलेला चालतो, पण दुसरा भक्त गाभाऱ्यात गेलेला चालत नाही.

याहून एक अवघड गोष्ट आहे. रंगभूमीवर भामिनी गोहरबाई, आणि समोर पुरुषवेषात नारायणराव, असे दृश्य ज्या प्रेक्षकांनी पाहिले, त्यांच्यापुढे त्यांची आठवणच दोन तुकडे होऊन उभी होती. सूर तसाच, पण दुसऱ्या गळ्यात. माणूस तोच, पण दुसऱ्या वेषात. तिथे डोळे मिटूनही भागत नाही, कान मिटूनही भागत नाही. आजीनेदेखील या प्रयोगांविषयी कधी चांगला शब्द काढला नाही. "ती बाई गायची छान," एवढे म्हणून ती विषय बदलायची. त्या 'छान'मध्ये किती काय होते ते आता कळते.

भरातल्या कलावंताला ऐकावयास गर्दी करणे आणि उतरलेल्याला ऐकावयास जाणे, यांतले दुसरे नेहमीच असे वसुलीचे असते का? नाही. निदान एक दाखला माझ्याजवळ प्रत्यक्ष पाहिलेला आहे. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव भरतो, तो तेव्हा रमणबागेत भरत असे. २००७ चा डिसेंबर. पंडित भीमसेन जोशींचे वय पंचाऐंशी. आजारपणामुळे त्यांचे गाणे मध्यंतरी थांबलेले. आपल्या गुरूच्या नावाने त्यांनीच उभा केलेला हा मंडप, आणि त्या वर्षी ते पुन्हा तिथे गायला बसले. त्या मंडपातले त्यांचे ते शेवटचे गाणे ठरले.

मी भारतीय बैठकीत, पार मागे होतो. माझ्या शेजारी एक गृहस्थ दरसाल वही घेऊन बसत. कोणी कोणता राग गायला, किती वेळ, साथीला कोण, सगळे टाचून ठेवीत. त्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि पेन तसेच हातात राहिले. आवाज थकलेला होता, हे सांगायला जाणकार नको होता. पण तिथे कोणी फर्माईश केली नाही. अमुक म्हणा, तमुक म्हणा, असा पुकारा नाही. श्वास कमी आहे तर स्वर कुठे टाकायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे ते बसल्या बसल्या ठरवीत होते आणि मंडप ते ठरवू देत होता. त्या दिवशी मंडपाने काही मागितले नाही, हे मला त्या गाण्याइतकेच आठवते.

श्रोते तेच पुणेकर, मग हा फरक कशामुळे? पुणेकर सुधारला असे मानण्याइतका मी भोळा नाही. फरक कलेच्या जातीत आहे. ख्यालगायकाला वय शोभते. पांढरे केस ही तिथे पदवी असते. मागे तानपुऱ्यावर शिष्य असतात, गुरूचा श्वास अपुरा पडला तर ते स्वर उचलून धरतात आणि ते न्यून मानले जात नाही. संगीत नाटक आणि रॉक या दोहोंना मात्र तारुण्याचा शाप आहे. तिथे गाणे एका देहाला बांधलेले असते. भामिनीला साठ वर्षे होऊन चालत नाहीत, आणि धावत, गिरक्या घेत गाणाऱ्या गायकालाही चालत नाहीत. रेसकोर्सवरच्या हजारो पोरांनी वरची जागा स्वतः म्हटली, ते या दृष्टीने पाहिले तर मला तानपुऱ्यावरच्या शिष्यांसारखे वाटते. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो फार खूश झाला. तेवढ्यासाठी मी त्याला, नव्या गाण्याच्या वेळी पाणी प्यायला गेला होतास की नाही, हे विचारले नाही.

वयाची अडचण टाळण्याचा एक मार्ग आता यंत्राने काढला आहे. 'ॲबा' या स्वीडिश गायकचौकडीने लंडनमध्ये २०२२ च्या मेपासून एक कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी खास प्रेक्षागृह बांधले. गाणारी चारही माणसे तेव्हा सत्तरीच्या घरातली, पण रंगमंचावर दिसतात ती त्यांची १९७९ सालची रूपे, संगणकाने घडविलेली. खाली वादक जिवंत, वर गायक चित्रातले. लोक रडतात, नाचतात, तृप्त होऊन घरी जातात. कोणाचा आवाज फाटत नाही, कोणाचे गुडघे दुखत नाहीत. वसुलीला कलावंताची गरजच उरली नाही!

आपण हसण्याचे कारण नाही. आपण हेच २०११ साली केले आहे. रवी जाधवांच्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांनी नारायणरावांचे रूप घेतले आणि आनंद भाटे यांनी त्यांचा सूर घेतला; भाटे यांना त्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दोघांचेही काम उत्तम आहे, आणि एरवी ज्यांनी नाट्यपद कधी ऐकले नसते अशा हजारो तरुणांना त्या चित्रपटाने नारायणरावांच्या दारात आणून सोडले. तरीही एक टीका करतोच. चित्रपटाने आम्हाला जे गंधर्व दिले ते आम्हाला हवे होते तेच. त्यांचे म्हातारपणही त्यात आहे, पण ते करुण आहे, अवघड नाही. प्रेक्षकाला हुंदका येतो, पण आपणही या माणसाकडून चौथा वन्समोअर मागितला असता असे मनात येत नाही. आम्ही आजीला तो चित्रपट दाखवायला नेले होते. नव्वदीला टेकलेली होती. सबंध वेळ तिने डोळे टक्क उघडे ठेवले. बाहेर आल्यावर म्हणाली, "मुलगा फार देखणा दिसतो रे." ऐकण्याविषयी ती काहीच बोलली नाही.

चाहत्याने काय करावे याचा मला सापडलेला सर्वांत चांगला नमुना एका गायकाचाच आहे. १९६५ साली, नारायणराव हयात असतानाच, कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. नावातला 'मला उमजलेले' हा शब्द पाहा. कुमारांचा गळा निराळा, घडण निराळी. त्यांनी हुबेहूब नक्कल करून टाळ्या घेतल्या नाहीत. या माणसाच्या गाण्यात नेमके काय आहे, लयीला तो कुठे सोडतो आणि कुठे पकडतो, हे स्वतःच्या बुद्धीने उलगडून स्वतःच्या आवाजात मांडले. शुद्धतावाद्यांची नाके मुरडली गेली असतील. पण शालू, अंबाडा, रूप, आठवण, हे सगळे बाजूला ठेवूनही या गाण्यात उरण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आजीच्या पक्षाचा तो निकाल होता, असे म्हणायला हरकत नाही. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यापुढे डोळे मिटून ती जे ऐकत होती ते केवळ गेलेल्या दिवसांचे नव्हते. ते त्या घटकेला समोर चाललेले होते.

पुण्याने नारायणरावांच्या नावाने जे रंगमंदिर बांधले त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते बसविली गेली. ते उघडले २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. अकरा महिने आधी ते गेले होते. त्या रंगमंचावर त्यांना एकही वन्समोअर मिळाला नाही.

आजोबा त्यांना पुन्हा ऐकायला शेवटपर्यंत गेले नाहीत. पण मला आठवते, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सकाळी कधी नारायणरावांची तबकडी लागली, की ते हातातले वर्तमानपत्र जराही खाली न घेता डावा हात लांबवून रेडिओचा आवाज वाढवीत. आजी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राही. तीन मिनिटांची ती तबकडी. संपली की हात पुन्हा लांबे आणि आवाज कमी होई. त्या तीन मिनिटांत दोघांपैकी कोणी काही बोलत नसे, आणि आम्हा पोरांनाही बोलू देत नसत.